विघटक : पाठातले आणि पायाखालचे

पिंपळाचे पान वहीत ठेवले की त्याची जाळी होते, अशी आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची समजूत असते. शाळेत असताना आमचीही होती. प्रत्यक्षात कोरडे पान कोरड्या वहीत वर्षभर ठेवले, तर ते तपकिरी पडते, ठिसूळ होते, पण त्याची जाळी होत नाही. जाळी होते ती पान काही आठवडे पाण्यात किंवा ओल्या पाचोळ्यात पडून राहिले तर. शिरांमधला मऊ भाग जिवाणू आणि बुरशी खाऊन टाकतात. शिरा लिग्निनमुळे चिवट असतात, म्हणून त्या मागे उरतात. म्हणजे वहीतली ती नाजूक जाळी हा कुजण्याचाच एक अर्धवट थांबलेला नमुना असतो. विघटकांचे काम मुलांनी असे हातात धरून पाहिलेले असते, पण ते विघटकांचे काम आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पुढे हीच मुले 'विघटक म्हणजे काय?' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून लिहितात आणि गुण मिळवतात. जाळी आणि व्याख्या यांची गाठ पडतच नाही.

ही गाठ का पडत नाही, याचा विचार या लेखात करायचा आहे. त्यासाठी आम्ही दोन गोष्टी तपासणार आहोत. एक, पाठ्यपुस्तकातली विघटकांची मांडणी. आणि दुसरी, शाळा आणि निसर्गमंडळे काढतात त्या निसर्गभ्रमंती. दोन्हींचा हेतू चांगला आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. पण दोन्हींत एकच दोष आहे असे आमचे मत आहे. कुजणे ही काळात घडणारी क्रिया आहे, आणि आपण ती एका शब्दात किंवा एका सकाळीत उरकतो.

पाठातले विघटक

२०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकात 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' हा पाठ आहे. अन्नसाखळी, अन्नजाळे, ऊर्जेचा मनोरा आणि जैव-भू-रासायनिक चक्रे असा त्याचा आवाका आहे. चक्रे त्याच पाठात घेतली, हे चांगले झाले. परंतु या व अशा सर्वच पाठांमधून मुलाच्या डोक्यात जे चित्र उरते, ते साधारण असे असते : गवत, गवत खाणारा नाकतोडा, त्याला खाणारा बेडूक, मग साप, मग घार, आणि सगळे मेल्यावर शेवटी विघटक. जणू नाटक संपल्यावर रंगमंच झाडायला आलेला माणूस.

या चित्रात तीन चुका आहेत. पहिली चूक प्रमाणाची. रानात तयार होणाऱ्या हिरव्या द्रव्यापैकी जिवंतपणी खाल्ला जाणारा भाग लहान असतो. बहुतेक सगळी पाने कोणीही न खाता वाळतात, गळतात आणि थेट विघटकांकडे जातात. म्हणजे रानातला मुख्य रस्ता पाचोळ्यातून जातो. वाघ-हरणाचा रस्ता ही त्या मानाने पाऊलवाट आहे. आपण पाऊलवाटेचा नकाशा मोठा काढतो आणि हमरस्ता तळटीपेत घालतो.

यातली गंमत अशी की, संख्येच्या मनोऱ्याची कल्पना ज्यांनी १९२७ साली मांडली, त्या चार्ल्स एल्टन यांनी ही चूक केलेली नव्हती. व्ही. एस. समरहेज या वनस्पतितज्ज्ञांबरोबर त्यांनी आर्क्टिकमधल्या बेअर बेटाचा अभ्यास केला. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकृतीत जिवाणू, मेलेल्या वनस्पती आणि पक्ष्यांची विष्ठा यांना जागा आहे आणि त्यांतून बाण पुढे जातात. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी मनोरा तेवढा उचलला आणि शेण मागे ठेवले.

दुसरी चूक म्हणजे विघटक म्हणजे फक्त सूक्ष्मजीव, हे समीकरण. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील एडवर्ड्स आणि हीथ यांनी १९६३ साली एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. ओक आणि बीच या झाडांच्या पानांच्या चकत्या त्यांनी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत घालून मातीत पुरल्या. काही पिशव्यांची छिद्रे ७ मिलिमीटरची होती, म्हणजे गांडूळ आत शिरू शकेल एवढी. काहींची ०.००३ मिलिमीटरची, म्हणजे केवळ सूक्ष्मजीव शिरतील अशी. नऊ महिन्यांनी मोठ्या छिद्रांच्या पिशव्यांतली पाने बहुतांशी नाहीशी झाली होती. बारीक छिद्रांच्या पिशव्यांत पाने डोळ्यांना जशीच्या तशी दिसत होती. सूक्ष्मजीव निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. शेवटचे रासायनिक काम त्यांचेच. पण पान कुरतडणारे, चघळणारे, त्याचा भुगा करून विष्ठेच्या रूपाने ओलसर पसरणारे प्राणी नसतील, तर त्यांचे काम रखडते. हे प्राणी डोळ्यांना दिसतात, हातभर अंतरावर सापडतात. आणि नेमके तेच पाठातून गळतात.

तिसरी चूक सर्वांत महत्त्वाची. पाठात ऋतू नाही. पानगळ शरदात होते, जमीन वर्षभर ओलसर असते आणि पाने संथपणे कुजत राहतात, हे चित्र समशीतोष्ण देशांतल्या पुस्तकांतून आलेले आहे. आपल्याकडे पाने गळतात ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे पुढचे चार महिने पाऊस नसताना. मग ती त्या चार महिन्यांत कुजतात का? हा प्रश्न पाठ विचारत नाही, म्हणून मूलही विचारत नाही.

पायाखालचे विघटक

चांदे हे मुळशी तालुक्यातले, पुण्याच्या पश्चिमेचे गाव. शेजारच्या नांदे गावाबरोबर त्याचे नाव जोडीने घेतले जाते. या भागातल्या टेकड्या म्हणजे काही घनदाट अरण्य नव्हे. गवत, करवंदीची जाळी, मधूनमधून मोई, पळस, साग अशी झाडे. निसर्गभ्रमंतीसाठी कोणी मुद्दाम निवडावी अशी ही जागा नाही, आणि आम्ही ती म्हणूनच निवडली. शाळेजवळ बहुधा अशीच जागा असते. तेथली मोईची एक पडलेली फांदी आम्ही ठरवून ठेवली आणि वर्षातून चार वेळा तिच्याकडे गेलो.

जानेवारीअखेर फांदी वाळकी होती, सालीसकट. भोवती पाने कुरकुरीत. मुठीत चुरली की भुगा होतो, पण वास काहीच नाही. फांदीच्या जमिनीला टेकलेल्या बाजूवर मात्र मातीचा पातळ पापुद्रा चढलेला होता. तो नखाने उचकटला की आत पांढुरकी वाळवी. कोरड्या ऋतूतल्या त्या चार महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बुरशी आणि जिवाणू ओलीवाचून थांबतात. वाळवी थांबत नाही, कारण ती खालून ओल घेऊन येते आणि मातीच्या आडोशाखाली काम करते. शेजारी पडलेला शेणाचा वाळका पो उलटला, तर तोही खालून पोखरलेला.

आपल्याकडे वारूळ बांधणाऱ्या वाळव्यांतल्या काही जाती तर शेतीच करतात. चावलेले लाकूड आणि पाने यांपासून वारुळाच्या आत त्या स्पंजासारखे पोळे रचतात आणि त्यावर एक बुरशी वाढवतात. लाकडातला चिवट भाग ती बुरशी फोडते आणि वाळवी ते तयार अन्न खाते. पावसाळ्यात त्या बुरशीची छत्रे जमिनीबाहेर येतात. खाण्याजोगी म्हणून जाणकार गावकरी शोधून आणतात त्या अळंब्यांत यांचा समावेश असतो; गोव्यात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला विकायला बसतात ती ओळमीही याच जातकुळीची. 'वाळवी घराचा शत्रू' एवढेच शिकवलेल्या मुलाला ही गोष्ट सांगून पाहा.

जूनअखेर आम्ही पुन्हा गेलो. चार-पाच दमदार सरी झाल्या होत्या. पाचोळ्यावर पाय ठेवला तर आवाज नाही. खालचा थर उचलला की पाने एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशीचे खरे शरीर हे. छत्री हे तिचे फळ. पाचोळ्यात वाणी फिरत होते. मुले त्यांना पैसा म्हणतात, कारण हात लावला की ते नाण्यासारखी गुंडाळी करतात. ताज्या शेणावर शेणकिडे आले होते. मृगाचे लाल मखमली किडेही दिसले. त्यांना पाहून कोणीही 'हा पण विघटक' असे म्हणेल. तसे नाही. तो शिकारी वर्गातला जीव आहे. मातीत दिसला म्हणून विघटक, हे अनुमान चूक. तो काय खातो हे पाहायला हवे.

ऑगस्टमध्ये फांदीवर छोट्या फळ्यांसारखी चिवट छत्रे एकावर एक आली होती. साल सुटली होती. आतले लाकूड फिकट आणि धाग्याधाग्याचे झाले होते. लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही खाणाऱ्या बुरशीची ही खूण. ज्या बुरशा मुख्यतः सेल्युलोज खातात आणि लिग्निन मागे ठेवतात, त्यांच्या कामाने लाकूड तपकिरी होते आणि त्याला चौकोनी भेगा पडतात. आपल्या रुंद पानांच्या झाडांवर पहिला प्रकार अधिक आढळतो. यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही, नख पुरते.

ऑक्टोबरमध्ये फांदी हातात घेतली तर हलकी लागली आणि मधेच मोडली. पाने बरीचशी ओळखू न येण्याजोगी झाली होती. त्याच सुमारास सागाखाली मात्र सुंदर जाळीदार पाने पडलेली होती. ही कुजण्याची जाळी समजून आम्ही गोळा करू लागलो आणि मग फांदीवरची हिरवी पानेही जाळीदार आहेत हे लक्षात आले. ते काम सागाची पाने खाणाऱ्या एका पतंगाच्या अळीचे होते. पिंपळाची जाळी मेल्यावरची, सागाची ही जाळी जिवंतपणीची. दिसायला सारख्या, कारणे वेगळी. वर पाहिल्याशिवाय खालचे कळले नसते.

या चार फेऱ्यांत मिळाले ते एका फेरीत मिळाले नसते, हे उघड आहे. आता आपल्या भ्रमंतींचे वेळापत्रक पाहा. शाळांच्या सहली आणि वनभोजने निघतात डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा विघटकांपैकी बहुतेक जण निजलेले असतात. भ्रमंतीचे यश मोजले जाते ते ओळखलेल्या पक्ष्यांच्या आणि झाडांच्या नावांवर. नावे माहीत असणे वाईट नाही. आम्हांलाही ती आवडतात. पण नावांची यादी ही एका सकाळीत पुरी होते, आणि तेथेच थांबण्याची सवय लागते. गेली काही वर्षे भीमाशंकर परिसरात पावसाळी रात्री चमकणारी बुरशी पाहायला लोक जातात. ती पाहावी अशीच आहे. पण तो प्रकाश ज्या ओल्या लाकडातून येतो ते लाकूड कुजत आहे, आणि चमकणारा जीवच ते कुजवत आहे, हे सांगितले गेले नाही तर ती निव्वळ रोषणाई ठरते.

देवराई, राब आणि शाळेचे अंगण

मुळशी तालुक्यातच याची तुलना करण्याची सोय आहे. येथे देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा आपला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. अनेक देवरायांत पडलेले लाकूडही नेऊ नये असा दंडक होता. वठलेली झाडे उभी, पडलेले ओंडके जागच्या जागी, पाचोळ्याचा जाड थर. उघड्या टेकडीवर मार्चमध्ये सारे कडकडीत असते, तेव्हा देवराईच्या सावलीत पाचोळ्याखाली हात घातला तर गारवा लागतो. एल्टन यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायटम रानात दीर्घकाळ काम केल्यावर १९६६ साली लिहिले होते की, पडलेले आणि कुजके लाकूड उचलून नेले तर रानातले बहुधा पाचव्या हिश्शाहून अधिक प्राणिजीवन नाहीसे होईल. देवराईच्या दंडकामागे हा हिशेब होता असे आमचे म्हणणे नाही. तो देवाच्या धाकाचा नियम होता. पण त्याचा परिणाम तपासण्याजोगा आहे, आणि तो मुलांना तपासता येतो. येथे एक सांगायला हवे. टेकडीवरून लाकूडफाटा नेणाऱ्या बाईला चुलीसाठी तो लागतो. तिला दोष देऊन विघटकांचा पाठ शिकवू नये.

हीच काळजी राबाबाबत घ्यावी. मुळशी-मावळातला भातशेतकरी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून उन्हाळ्यात राब भाजतो. पुस्तक म्हणते पाचोळा जाळू नका, आणि मुलाचे आजोबा तो जाळतात. शिक्षक येथे बहुधा गप्प बसतात किंवा आजोबांना अडाणी ठरवतात. दोन्ही चूक. आग आणि बुरशी एकाच कामाची दोन टोके आहेत. आग तासाभरात पालाश, स्फुरद, चुना राखेत मोकळे करते, तणांचे बीही मारते; पण नत्र आणि कार्बन यांचा मोठा भाग हवेत घालवते. बुरशीला महिने लागतात, पण ती नत्र मातीत राखते आणि माती भुसभुशीत करते. कोणत्या कामासाठी किती किंमत मोजली, असा हा प्रश्न आहे. तो वर्गात मांडला, तर मूल घरी जाऊन आजोबांशी बोलू शकेल.

राबाला निदान कारण आहे. शाळेच्या अंगणात दर फेब्रुवारीत पेटणाऱ्या पाचोळ्याच्या ढिगाला ते नाही. त्या दिवशी तासाला विघटकांचे महत्त्व शिकवले जाते, आणि तासानंतर स्वच्छतेच्या नावाखाली मुलांकडून पाने गोळा करवून काडी लावली जाते. मूल यातून जे शिकते ते फार स्पष्ट असते : पुस्तकातले पुस्तकात, अंगणातले अंगणात. विज्ञान हे परीक्षेपुरते आहे, हा धडा आपण शब्दाने कधी देत नाही. अशा आगीने देतो. आमचा खरा आक्षेप येथे आहे. पाठातली एखादी चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येईल. हा अविश्वास सुधारायला फार काळ लागतो.

आणि विघटक नसले तर काय होते, हे सांगायला कल्पनेची गरज नाही. ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी गुरे नेली. तेथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गुरांचे ओले पो त्यांना पेलवेनात. पो तसेच पडून राहिले, त्यांखालचे गवत गेले, माश्या माजल्या. अखेर जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बाहेरून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्या टेकडीवर हे काम फुकट होते, म्हणून ते दिसत नाही.

काय करता येईल

यासाठी नवा पाठ्यक्रम लागत नाही. अंगणाचा एक कोपरा, चटईएवढा, पाच वर्षे झाडायचा नाही असे शाळेने ठरवावे. एकाच झाडाची वाळलेली पाने सारख्या वजनाने मच्छरदाणीच्या कापडाच्या आणि कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरून तेथे ठेवावीत. दर महिन्याला प्रत्येकी एक पिशवी काढून, माती झटकून, पाने वाळवून तोलावीत आणि आलेख काढावा. आलेख जूनपर्यंत जवळजवळ आडवा राहतो की वाळवीमुळे आधीच उतरतो, हे जागेजागी वेगळे येईल. ते वेगळे येणे हेच शिकवण्याजोगे आहे.

टेकडीवर जाताना काही पथ्ये पाळावीत. ओंडक्याखाली हात घालू नये. काठीने आपल्याकडे झुकवून उलटावा, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसे असेल तर तो पलीकडे जाईल. पाहून झाल्यावर ओंडका जसा होता तसा परत ठेवावा. ते कोणाचे तरी छप्पर असते. कोणतीही अळंबी मुलांनी चाखू नये. गावातला जाणकार ज्या खुणांवर विसंबतो त्या पुस्तकातून शिकता येत नाहीत.

चिकाटीचा प्रश्न राहतो. डार्विन यांनी डिसेंबर १८४२मध्ये आपल्या घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि नोव्हेंबर १८७१मध्ये तेथे चर खणला. गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली खडूचा थर सात इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर खोल गेलेला होता. एकोणतीस वर्षांचे हे निरीक्षण त्यांनी १८८१ सालच्या गांडुळांवरील पुस्तकात घातले. आपल्याला एकोणतीस वर्षे नकोत. एक पावसाळा पुरे. पाचवीत कोपरा आखलेला मुलगा नववीत तो पाठ वाचेल, तेव्हा तो पाठ त्याला तपासता येईल.

परीक्षेत 'विघटक म्हणजे काय?' हा प्रश्न राहू द्या. त्याच्या शेजारी आणखी एक घाला : 'तुमच्या अंगणात फेब्रुवारीत पडलेले पान ऑक्टोबरपर्यंत कोठे गेले? तुम्ही कसे पाहिलेत?' या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात छापता येणार नाही. आणि ज्या शाळेत पाने जाळली जातात, तेथल्या मुलाला एकच उत्तर लिहिता येईल. ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले, तर गुण त्याला पूर्ण द्यावेत, आणि उत्तरपत्रिका मुख्याध्यापकांना दाखवावी.